उत्तर ध्रुवाला ना हरकत

आमच्या न्हावऱ्याच्या ग्रामसभेत एकदा उत्तर ध्रुवावर चर्चा झाली, यावर बाहेरगावचं कुणी विश्वास ठेवत नाही. पण झाली. गटाराचा विषय संपला, ग्रामसेवकांनी ‘ऐनवेळचे विषय’ पुकारले आणि मागच्या सतरंजीवरून सोपानआप्पा उठले.

“उत्तर ध्रुवावर बर्फाखाली तेल हाय. ते काढायला आपल्या गावाची हरकत न्हाई, असा ठराव लिवा.”

ग्रामसेवक नवे होते बिचारे. पेन उघडून म्हणाले, “अर्जदार कोण?”

सभा हसून हसून बेजार झाली. आप्पा मात्र गंभीर. “हसताय काय? घर बांधायला ना हरकत लागती. तिकडं तर एवढा मोठा बोअर घ्यायचाय. कुणाच्या तरी दाखल्यापायी अडून बसलं आसंल काम!”

आप्पांनी तेलाचा हा कैवार घेतला तो माझ्यामुळं. मी पाबळला यंत्रांचं काम शिकून आलो आणि सौरपंप बसवायचं काम धरलं. माझ्या रानाला लागून आप्पांचं रान, आणि त्यांच्या विहिरीवर डिझेलचं जुनं इंजन. सकाळी एसटी स्टँडसमोर चहाला गाठ पडली की लांबूनच हाक यायची, “काय उन्हाचं एजंट, आज कुणाला गंडवायचंय?” मग जुंपायची आमची.

“आप्पा, डिझेल एक दिवस संपणार हाय.”

“ध्रुवावर हाय की!” मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी ध्रुवाचा सातबारा तोंडपाठ केला होता. बशीतल्या चहावरची साय बोटानं बाजूला सारायचे. “ह्यो बर्फ. सारला. आता खाली काय हाय?”

“चहा.”

“मुद्द्याचं बोल! तेल!”

“आन् बर्फ गेला तर तिथल्या पांढऱ्या अस्वलांनी जायचं कुठं?”

“बिबटं कुठं गेलं? आलंच ना डोंगर सोडून आपल्या उसात? पिल्लं बी घातली! मग अस्वलाला काय धाड भरलीय?”

त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले.

मग आप्पांच्या मुलानं, तो रांजणगावला कारखान्यात आहे, परस्पर सौरपंपाचा अर्ज भरला. मंजूरही झाला. पॅनेलं घेऊन टेम्पो आला आणि पंप बसवायचं काम नेमकं माझ्याकडंच. इंजन जाणार म्हटल्यावर आप्पा हटूनच बसले. मी खड्डे घेतोय आणि हे डोक्यावर उभे.

“ढग आलं तर?”

“ढग आल्यावर पाणी कशाला पायजे, आप्पा?”

“धूळ बसली तर?”

“पुसा.”

तिसऱ्या दिवशी माझं डोकं सणकलं. “अहो, धूर गिळून छाती गेली तुमची, डॉक्टर कानीकपाळी ओरडतोय, आन् तेल तेल काय लावलंय?” आप्पा फडक्यानं इंजन पुसत बसले.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन वर आलं आणि मी मोटर चालू केली. पाइपातून धो धो पाणी. मी फुशारकीनं म्हटलं, “बघा! जरा तरी आवाज हाय का?”

आप्पांचं पाण्याकडं लक्षच नव्हतं. ते रानातल्या घराकडं बघत होते.

“अवं! कुठं हाय तुमी? अवं!”

कौसाकाकू, आप्पांची बायको. साखरेनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेत. ओट्यावरून उतरून, काठीबिठी न घेता, हात पुढं करून कांद्याच्या वाफ्यातून त्या सरळ विहिरीच्या रोखानं येत होत्या. आणि विहिरीला कठडा नाही.

“हाय! हितंच हाय मी! जागची हलू नगं!” आप्पा ठेचकाळत धावले. त्यांनी हात धरला तशी काकूंनी त्यांचा चेहरा चाचपून बघितला.

“इंजन चालूच हुईना. मला वाटलं, तुमालाच काय झालं.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. काकू दिवसभर ओट्यावर बसून इंजन ऐकायच्या. इंजन चालू म्हणजे म्हातारा ठीक. मला माझीच लाज वाटली.

आप्पा काकूंना घरात बसवून आल्यावर मी विचारलं, “आप्पा, आधी का नाही सांगितलं?”

“बायकुसाठी इंजन चालवतो म्हणून चहाच्या टपरीवर सांगू व्हय रं?” आप्पा खाली बघत म्हणाले. “आन् इंजन जाणार म्हणून तिला बी काय बोललो न्हाई. म्हटलं, वादात जिंकंन तुला, इंजन ऱ्हाईल. मग कशाला सांगायचं?”

आता मोटर सुरू झाली की आप्पा बांधावर येतात आणि माझ्याशी मोठ्यानं भांडतात. मी माझ्या रानातून नुसतं ओरडायचं, “आप्पा, अस्वलं उपाशी मेली!” की अर्धा तास त्यांचं तोंड बंद होत नाही. ओट्यावर काकू शेंगा फोडत ऐकतात.

परवा पाणी प्यायला टेकलो तर काकू म्हणाल्या, “त्यांच्यासंगं रोज भांडत जा बाबा. तू कामाला गेलास की लई गप असत्यात. मंग मला काय कळत न्हाई.”

दौंडला दोन पंप बसवायला निघालो होतो मी. तिथल्या लोकांना फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं आणि बांधावर गेलो.