नायकाचं नाव दगडावर

"नाव असं शोधलंय, की वाचक मरेपर्यंत विसरणार नाही!" अण्णांनी छाती फुगवून बायकोला सांगितलं. अण्णा पोटासाठी स्मृतिशिलांवर मेलेल्यांची नावं कोरायचे आणि हौसेसाठी कादंबरी लिहायचे. सात वर्षं लिहीत होते. शेवटी नायक मरायचा, पण बिचारा बिननावाचाच! आता नाव सापडलं. अर्थ 'ज्याला अंत नाही असा', आडनावही भारदस्त.

"कागदावर काहीही शोभतं. नावाचं वजन दगडावरच कळतं!" म्हणत त्यांनी ते एका शिलेवर कोरलं आणि अक्षरांत काळा रंग भरून शिला दुकानाच्या दारात वाळत ठेवली.

पोस्टमन थबकला. "अरेरे! कधी गेले?"

"कालच!" अण्णा नायकाच्याच तंद्रीत म्हणाले. "एकटाच होता हो, जवळ कुणी नव्हतं. मला तर रडू आवरेना!"

त्याच नावाचा जिवंत माणूस मागच्या गल्लीत राहतो, हे अण्णांच्या गावीही नव्हतं. त्या माणसाला सगळे घड्याळकाकाच म्हणत. खरं नाव ठाऊक होतं ते एकट्या पोस्टमनला, पाकिटांवरून. काकांच्या मुलीचं वर्षाकाठी येणारं एकुलतं एक पत्र नेमकं त्याच्या पिशवीत होतं. त्याने जड मनाने 'मयत' असा शेरा मारून ते परत पाठवलं.

पाचव्या दिवशी मुलगी धाय मोकलून रडत दारात उभी! आठ वर्षांनी! काका तोंडाला साबण फासून दाढी करत होते. ते पांढरंफटक तोंड पाहून तिने अशी किंकाळी फोडली, की गल्ली गोळा झाली.

पोस्टमनकडून शिलेचा पत्ता लागला, मग वरात अण्णांच्या दुकानी.

"माझ्या बाबांना जिवंतपणी दगडात घातलंत?"

"अहो ताई, कादंबरीतला आहे तो!"

"कुठे मिळते कादंबरी?"

"अजून... छापायचीय."

"वाटलंच!"

अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवसांनी मुलगी परत गेली आणि काठी टेकत काका दुकानात आले. अण्णांनी घाईघाईने घण उचलला.

"चुकलो काका! आत्ता फोडतो. नायकाचं नावही बदलतो!"

"राहू द्या हो." काका स्टुलावर टेकले. "दोन दिवस राहिली. जाताना गळ्यात पडून रडली. आता पुन्हा पत्रच यायचं."

अण्णांनी घण खाली ठेवला.

काकांनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा मरेल का हो तुमचा नायक?"