डाल्यातला उजेड

आमच्या घरात साठ वॅटचा बल्ब उघडाबोडका लोंबत होता आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पण माझ्या धाकट्या बहिणीला, अंजनाला, बघायला वरवंडची मंडळी येणार असं ठरलं आणि मला साहेबांच्या टेबलावरचं इंग्रजी मासिक आठवलं. (मी शिरूरला एस.टी. डेपोत कारकून. साहेबांच्या टेबलावर येतं ते आधी मी चाळतो.) त्यातल्या फोटोत पांढऱ्या घुमटाचा मॉडर्न लॅम्प होता आणि खाली लोण्यासारखा मऊ उजेड. टेबलापासून दोन फुटांवर टांगावा, असं लिहिलं होतं.

"आवं, ते कोंबड्यांचं डालं हाय," बायको म्हणाली.

"होतं," असं म्हणून मी डाल्याला पांढरा ऑइलपेंट फासला.

टेबल आमच्याकडे नव्हतं. आम्ही जेवतो जमिनीवर. म्हणून मी दोन फूट जमिनीपासून मोजले आणि तिथे बल्बवर डालं उपडं टांगलं.

नेमकी बघायच्या दिवशी पाहुण्यांची गाडी वेळेआधी आली. मी बनियनवर, कोपरापर्यंत पेंट. लाजून आतल्या खोलीत पळालो आणि फटीतून बघत राहिलो.

पाहुणे सतरंजीवर बसले. एका बाजूला मुलगा बन्सी, समोर अंजना, आणि मधे बरोबर दोघांच्या नाकासमोर माझं डालं. बन्सी डावीकडे वाकला, तर अंजनाही तिकडेच वाकली. तो उजवीकडे, तर हीही उजवीकडे.

मुलाची आई विठाबाई म्हणाली, "पोरगी झाकून का ठिवलीय? काय व्यंग हाय का तिच्यात?"

माझ्या हौसेपायी बहिणीचं जमत आलेलं मोडणार होतं.

अंजना मात्र शांतपणे म्हणाली, "मलाबी पावनं दिसंनात. कुनीतरी हे जरा वर धरा."

बायकोने मला पाठीत ढकललं. मी बाहेर आलो आणि दोन्ही हातांनी डालं डोक्यावर धरून उभा राहिलो. उजेड दोघांच्या तोंडावर पडला. बन्सी हसला, अंजना हसली. मला इतका आनंद झाला, की पेंट डोळ्यात ठिबकत होता तरी हललो नाही.

विठाबाई खूष होऊन म्हणाली, "पोरगी पसंत हाय. आता तिच्या भावाला बोलवा, म्हंजी पुढचं बोलू. आन् ह्या वायरमनला आधी चहा द्या, बिचारा कवाचा उभा हाय."

बायकोने पदर तोंडाला लावला आणि कप माझ्यापुढे केला. घरातल्या कुणीही भाऊ कोण ते सांगितलं नाही.

मीही नाही. मुकाट्याने चहा घेतला.