घरात दोन थोरले

मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या नव्या फोनना नावं कशी द्यावीत, हे मला पक्कं माहीत आहे. गमतीने म्हणत नाही. माझा धंदा पाण्याच्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करण्याचा. फोनच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक नाही, पण नावांचं कळतं. कुठल्याही कंपनीने यावं, कपभर चहावर सांगून टाकेन. आजवर कुणी आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

हे ज्ञान माझं नाही, बायकोचं. ती गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून ते सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी ते कसं सांभाळलं, हे आता सांगतो.

ती प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. आमच्या घरात पहिला फोन घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने चार फोन समोर मांडले. हा प्लस, हा प्रो, हा प्रो प्लस आणि हा लाइट.

ती म्हणाली, "यातला आधी कोण जन्मला?"

"म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे थोरला कोण, धाकटा कोण?"

"हा प्रो या वर्षीचा. आणि तो खाली आहे ना, तो मागच्या वर्षीचा."

"त्याचं नाव काय?"

"प्रो."

"आणि पुढच्या वर्षी येईल त्याचं?"

दुकानदार म्हणाला, "प्रोच असेल बहुतेक."

ती मला म्हणाली, "आमच्या वॉर्डात असा कारभार केला तर संध्याकाळपर्यंत सगळी बाळं अदलाबदल होतील."

घरी आल्यावर तिने स्वतःची पद्धत लावली. पिशवीतून दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी काढली, तुकडा कापला आणि फोनच्या पाठीवर लावून त्यावर लिहिलं, थोरला. पुढे आणखी दोन आले, ते मधला आणि धाकटा. नवीन आला की तो धाकटा. मग धाकट्याचा मधला व्हायचा, मधल्याचा थोरला, आणि आधीचा थोरला घरातून बाहेर जायचा. कुणाला तरी देऊन टाकायचा किंवा दुकानात परत करायचा. पट्ट्या त्याच दिवशी बदलायच्या. यात एकदाही घोटाळा झाला नाही. एकदा मी थोरला कामावर नेला आणि तो माझ्या खिशातून पंपाच्या खड्ड्यात पडला, तेव्हासुद्धा तिने मला बोलून घेतलं आणि लगेच बाकीच्यांना बढती दिली.

प्रत्येकाची जागा ठरलेली. धाकटा तिच्याकडे, मधला माझ्याकडे, आणि थोरला स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या फळीवर, स्टँडमध्ये उभा. तो फोन म्हणून कुणी वापरत नसे. त्याला एकच काम होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून लाज सोडून सांगतो.

मी सगळ्या गावाच्या मोटरी नीट करतो, पण घरची मोटर चालू करून बंद करायला विसरतो. सकाळी बटण दाबतो, चहा घेऊन बसतो, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते. ती घरी असायची तेव्हा ओरडायची. मग तिला सकाळची पाळी लागली. तिने थोरल्यामध्ये स्वतःचा आवाज भरला आणि त्याचा गजर लावून टाकला. ती दवाखान्यात असायची आणि फळीवरून तिचा आवाज यायचा. "अहो, मोटर बंद करा. टाकी भरली. गावाच्या मोटरी दुरुस्त करता आणि घरची वाहते. चहा नंतर प्या, आधी उठा."

ती गेली तरी गजर चालू राहिला. रोज सकाळी ती मला उठा म्हणायची आणि मी उठायचो. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटो काढून घ्यायची हौस तिला होती, पण बोलणं कुणी भरून ठेवतं का?

अशात परगावी राहणाऱ्या लेकीने मला नवीन फोन पाठवला. माझ्या मधल्यावर बोललेलं तिला ऐकू जात नव्हतं. तिने तिकडूनच दुकानाशी ठरवलं होतं, की नवीन फोनच्या बदल्यात घरातला एक जुना परत द्यायचा.

मी चिकटपट्टी आणि पेन घेऊन बसलो. नवा आला तो धाकटा. त्याला पट्टी लावली. आता पद्धतीप्रमाणे फळीवरचा थोरला बाहेर जायला हवा होता. ते तर शक्यच नव्हतं. मग मी तोडगा काढला. माझा मधला होता, त्याच्यावर थोरला लिहिलं, म्हणजे दुकानात द्यायला तो तयार. फळीवरच्याची पट्टी काढायला नख लावलं. तिचं अक्षर होतं. काढली नाही. कपाटात तिचा धाकटा होता, त्याच्या पट्टीवरही तिचंच अक्षर. तीही काढली नाही.

म्हणजे आता घरात दोन थोरले झाले, दोन धाकटे झाले आणि मधला कुणीच नाही. एवढं तर कंपन्यांनाही जमलेलं नाही. पण मला वाटलं, घरात मी एकटा. कुणाचा गोंधळ होणार आहे?

दुसऱ्या दिवशी मी एका इमारतीच्या तळघरात मोटर उघडून बसलो होतो, तेव्हा मेहुणीचा फोन आला. ही बायकोची धाकटी बहीण. तिच्याकडे आमच्या घराची किल्ली असते. दुपारी येते, फळ्या पुसते, मला चार शब्द सुनावते आणि जाते.

"भावोजी, मी बाजारात निघालेय. फोनच्या दुकानावरूनच जाणार आहे. तुमचा जुना द्यायचा होता ना?"

"हो. थोरला घेऊन जा."

"नक्की थोरलाच?"

"अगं, पट्टी लावून ठेवलीय. त्यात विचारायचं काय?"

ती म्हणाली, "बरं. तुमच्या मनाची तयारी झाली असेल तर माझं काही म्हणणं नाही."

हे ऐकूनही मला काही कळलं नाही. माझे दोन्ही हात मोटरीत होते.

संध्याकाळी घरी आलो. फळीवर स्टँडमध्ये फोन उभा होता, पाठीवर थोरला लिहिलेली पट्टी. जवळ जाऊन अक्षर कोण बघतं? जेवलो, झोपलो.

सकाळी मोटर चालू केली आणि चहा घेऊन बसलो. चहा संपला. आणखी थोडा होता तोही ओतून घेतला. घर फार शांत वाटलं. तेवढ्यात खिडकीबाहेर पाण्याचा पडदा दिसला आणि खालच्या मजल्यावरून शिंपी म्हणाला, "मोटरवाले, संपलं. सगळं संपलं."

मोटर बंद करून खाली गेलो. त्याने गिऱ्हाइकाचा काळा कोट इस्त्री करून वाऱ्याला टांगला होता. कोटाच्या दोन्ही बाह्यांतून नळासारखं पाणी पडत होतं.

शिंपी म्हणाला, "हा आज सकाळी घालून माणूस मुलाखतीला जाणार होता."

मी म्हणालो, "गजर वाजला नाही."

"तेच म्हणतोय मी. आज वहिनी बोलल्याच नाहीत. मी वाट बघत होतो."

मी जिना चढून वर पळालो. फळीवरचा फोन हातात घेतला, पट्टी वाचली. अक्षर माझं होतं.

तो खिशात टाकून मेहुणीला फोन लावला. ती म्हणाली, "मी ताईच्या पद्धतीनेच केलं. एकावर तिच्या अक्षरात थोरला, एकावर तुमच्या अक्षरात थोरला. तिच्या अक्षरातला म्हणजे जुना थोरला, तो बाहेर जाणार. तुमच्या अक्षरातला म्हणजे नवीन बढती झालेला, त्याची जागा फळीवर. दिला आणि ठेवला. चुकलं कुठे?"

कुठेच चुकलं नव्हतं. बायको असती तर तिनेही हेच केलं असतं.

"त्यात तिचा आवाज आहे," मी म्हणालो.

मेहुणी कधी सकाळी आली नव्हती. तिला गजराचं माहीतच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही निघा. मी दुकानाच्या दारात भेटते."

मी निघालो. मागोमाग शिंपीही निघाला, हातावर ओला कोट. "कोटाचं ठरेपर्यंत मी तुम्हाला नजरेआड करणार नाही," म्हणाला. रस्ताभर त्या कोटाचं पाणी आमच्या मागे येत राहिलं.

दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. मी म्हणालो, "काल इथे एक जुना फोन आला. तो परत हवाय."

"मॉडेल कोणतं, काका?"

"थोरला."

"तसं मॉडेल नाही आमच्याकडे. मॅक्स आहे. मॅक्स म्हणायचंय का?"

"थोरला म्हणजे आकाराने मोठा नाही. आधी जन्मलेला."

"म्हणजे पहिलं मॉडेल?"

"पहिला नाही. पहिला पंपाच्या खड्ड्यात पडला. हा तेव्हा धाकटा होता."

ती मुलगी मेहुणीकडे बघायला लागली. मेहुणी म्हणाली, "तो धाकटा होता, मग मधला झाला, मग थोरला झाला. कालपर्यंत थोरलाच होता. मग मी त्याला इथे आणून दिला."

"मावशी, आपण फोनबद्दलच बोलतोय ना?"

शिंपी म्हणाला, "फोनबद्दलच. त्याच्यामुळे माझा हा कोट असा झालाय."

मुलीने कोटाकडे बघितलं आणि सावकाश एक मोठा ट्रे काढून ठेवला. ट्रेमध्ये फोनच फोन, सगळे काळे, सगळे पालथे. मी म्हणालो, "त्याच्या पाठीवर पांढरी पट्टी आहे."

"पट्ट्या, कव्हरं, सगळं आम्ही काढून टाकतो. कचरा रात्रीच गेला. तुम्हाला खरं नाव आठवतंय का, कंपनीचं?"

मला आठवलं. प्रो.

"यातले निम्मे प्रो आहेत," ती म्हणाली. "चार वेगवेगळ्या वर्षांचे. पाठीवर नाव सगळ्यांचं एकच."

"मग तुम्ही कसे ओळखता?"

"आम्ही कुठे ओळखतो, काका? आम्ही फक्त पुसतो. आत जे असेल ते सगळं काढून टाकतो आणि दुपारच्या गाडीने पाठवतो. हे सगळे पुसून झालेत."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. दुकानात भिंतीवर नव्या फोनची मोठी जाहिरात होती आणि मी ती वाचत बसलो. नवीन प्रो. शिंपी कोट सावरत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. कोटाचं बोलला नाही.

मेहुणी मात्र काउंटरवरून हलली नाही. तिने विचारलं, "पट्टी काढल्यावर डाग राहिला असेल ना? दवाखान्याची पट्टी होती. तिचा चिकटपणा जात नाही."

"दवाखान्याची?" मुलगी म्हणाली. "तो चिकट फोन तुमचा? अहो, काल त्याने माझा अर्धा तास खाल्ला. घासला, खरवडला, तरी बोटाला चिकटतोच. असे फोन आमच्या मशीनमध्ये घालत नाहीत. मी वैतागून बाजूला ठेवला."

तिने खालचा खण उघडला. तिथे तो एकटाच होता. पाठीवर चिकट चौकोन, त्यावर एका दिवसाची धूळ.

"हा पुसला नाही?" मी विचारलं.

"चिकटपणा गेल्याशिवाय कसा पुसणार?"

तिने फोन चालू केला. त्याला कुलूप कधीच नव्हतं. गजर शोधून तिने बोट लावलं.

"अहो, मोटर बंद करा. टाकी भरली."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी उभा राहिलो. कशाला उभा राहिलो, सांगता येत नाही. रोजची सवय. मेहुणीने काउंटरची कड धरली आणि "ताई" म्हणाली. आवाज चालूच होता. "चहा नंतर प्या, आधी उठा."

शिंपी म्हणाला, "हेच. हेच सकाळी ऐकू आलं असतं, तर माझा कोट वाचला असता."

मग मेहुणी हसली. डोळे पुसत हसली. मुलगी म्हणाली, "काका, घेऊन जा. पण मला बदल्यात एक जुना लागेल."

मी खिशातून दुसरा थोरला काढून दिला. तिने त्याची पट्टी नखाने ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हासुद्धा चिकट."

कोटाचं घरी जाताना ठरलं. त्याची भरपाई म्हणून शिंप्याच्या मजल्याची मोटर मी कायमची फुकट बघायची. मुलाखतीचा माणूस आमच्या मागे शिंप्याच्या घरून शिंप्याचा स्वतःचा कोट घालून गेला होता आणि त्याला नोकरी लागली, असं नंतर कळलं.

थोरला आता परत फळीवर आहे. नवीन पट्टी लावली नाही. तो चिकट चौकोनच त्याची ओळख. तेव्हा कंपन्यांसाठी माझा सल्ला थोडा बदलला आहे. नाव कोणतंही द्या. पण ज्याचं आहे त्याच्याकडे ते असेपर्यंत दुसऱ्याला देऊ नका. आणि नाव ज्या चिकटपट्टीवर लिहाल, ती चांगल्या दवाखान्यातली घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू केली, चहा घेऊन बसलो आणि वाट बघत राहिलो. वेळेवर फळीवरून आवाज आला. मी शेवटपर्यंत ऐकला. मग परत लावला. मग आणखी एकदा.

खालून शिंपी म्हणाला, "मोटरवाले, वहिनी काय सांगतायत, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो. खिडकीबाहेर पाणी पडायला लागलं होतं.