खांद्यातला कामचुकार

आमच्या ऑफिसातल्या दामल्यांनी जन्मात मांसाचा कण तोंडात घातलेला नाही. वाढदिवसाचा केक पुढे आला तरी ते आधी "अंडं आहे का?" विचारतात आणि उत्तर यायच्या आत बशी शेजारच्याकडे सरकवून मोकळे होतात. आणि तरीही सिंगापुरातल्या माझ्या ओळखीपाळखीत दामल्यांइतका उत्तम बीफ स्टेक कोणी भाजत नाही. चव न घेता.

दामले पेशाने टेस्टर. चांगी बिझनेस पार्कमध्ये बसून एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. "टेस्टर असून टेस्ट घेत नाही," हा विनोद मी त्यांना पहिल्यांदा ऐकवला तेव्हा ते हसले नाहीत. "स्पेलिंग वेगळं आहे," म्हणाले.

कोणी कसलीही तक्रार केली की त्यांचं एकच वाक्य असतं : "स्टेप्स सांगा." प्रोग्राम बंद पडला, स्टेप्स सांगा. पोट बिघडलं, स्टेप्स सांगा. एकदा माझी बायको रुसली होती. दामले म्हणाले, "शेवटचं नीट कधी बोलल्या? त्यानंतर तुम्ही काय केलंत? स्टेप्स सांगा." सांगता सांगता मध्येच मला माझी चूक सापडली. तेव्हापासून घरातलं त्यांना सांगायचं मी बंद केलं.

दामल्यांचं कुटुंब पुण्यात. बायकोची तिथे नोकरी, मुलाचं कॉलेज. दामले इथे एकटे, तोआ पायोहला एका चिनी आजीबाईंच्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहतात. आजीबाईंना सगळा मजला 'आँटी' म्हणतो, म्हणून दामलेही म्हणतात. आँटीचे यजमान जुन्या काळातले, चीनच्या हायनान बेटावरून आलेले आचारी. कुठल्याशा क्लबात साहेबलोकांसाठी स्टेक भाजायचे आणि सुट्टीच्या दिवशी तोच घरी आँटीसाठी. ते गेल्यावर आँटी स्वतः भाजून खाऊ लागली. मग तिचे दात गेले, कवळी आली आणि स्टेक संपला.

त्यामागोमाग भूकही संपली. आँटी वाटीभर पेजेवर दिवस काढू लागली. अंगावरचे कपडे हँगरवर असावेत तसे दिसू लागले. पर्थला राहणारा मुलगा फोनवर वृद्धाश्रमाचं बोलू लागला. फ्लॅट विकायचा, आईची नीट सोय करायची, वगैरे.

हे कळल्यावर दामल्यांनी कामाला हात घातला : आँटीच्या कवळीला चावेल असा स्टेक. आम्ही ऑफिसात काय समजायचं ते समजलो : आजीबाई आश्रमात गेल्या तर दामल्यांची खोली जाणार!

"सगळ्यात मऊ तुकडा आणा की," मी म्हणालो. "फिलेट."

"आणला होता. म्हणते, 'नो टेस्ट. लाइक टोफू.' सरलॉइन आणलं. म्हणते, 'टेस्ट हॅव, बट टू हार्ड लाह.'" दामल्यांनी चष्मा पुसला. "क्लायंटची रिक्वायरमेंट परस्परविरोधी आहे, कुलकर्णी. चव राबलेल्या स्नायूला येते. मऊ राहतो न राबलेला. दोन्ही एकात पाहिजे."

पुढचे काही आठवडे दामले लंचला दहीभात खाताना लॅपटॉपवर गायीबैलांच्या शरीराचे नकाशे उघडून बसत. आजूबाजूची टेबलं रिकामी होत. आणि एके दिवशी त्यांनी मला जवळजवळ ओढतच स्क्रीनपुढे नेलं.

"हा बघा. खांद्याच्या पात्यामागे. पेटिट टेंडर म्हणतात. अहो, खांदा म्हणजे ऑफिस! सगळे स्नायू दिवसभर राबतायत. पण त्यातही हा एक आहे, कोपऱ्यातला. नाव खांद्याचं, काम शून्य. सगळ्यांत राहून चव उचलतो आणि स्वतः लोण्यासारखा राहतो."

"म्हणजे आपला मॅनेजर."

"हळू बोला," दामले म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

आता हा कामचुकार मिळवायचा कसा? बाजारातला खाटीक खांद्याचं सगळं मांस एकत्र चिरून रश्श्यासाठी विकायचा. हे नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. मग दामल्यांनी भर बाजारात स्वतःचा हात वर केला आणि काखेमागे बोट रुतवून रुतवून जागा दाखवली. खाटिकाने सहानुभूतीने मान हलवली आणि खांदेदुखीवर कोणतं तेल चांगलं ते सांगितलं. शेवटी मोबाइलवरचं चित्र पाहून तो इतका हसला, की हसण्याच्या भरात त्याने तो तुकडा काढून दिला. लांबट, कंपासपेटीएवढा.

भाजताना दामले नाकाला रुमाल बांधतात, हातमोजे घालतात, पंखा पूर्ण सोडतात. बिडाचा वेगळा तवा. तुकडा टिपून कोरडा करायचा, मीठ-मिरपूड चोळायची, तवा धुरावल्यावर टाकायचा आणि सगळ्या अंगांनी खरपूस करायचा. शिजला की नाही हे ते बोटाने दाबून आणि तव्याचा आवाज ऐकून ठरवतात. मग तो झाकून स्वस्थ ठेवायचा आणि धाग्यांच्या आडव्या दिशेने पातळ कापायचा. मग आंघोळ. मग स्वतःचं जेवण.

चव घ्यायला मी. मी सर्वभक्षी आहे, हे माझी सासुरवाडी सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

ही बातमी इथल्या मराठी मंडळात पोचली तेव्हा मात्र धर्म बुडाला. गणपतीच्या मीटिंगला दामल्यांना आरतीच्या कमिटीतून हळूच पार्किंगच्या कमिटीत टाकण्यात आलं. ज्यांनी टाकलं त्यांतले दोघं मला जपानी रेस्टॉरंटात वाग्यू खाताना भेटले होते. "ते वेगळं," त्यांतले एक मला बाजूला घेऊन म्हणाले. "जपानी गाय आपल्यात येत नाही." दामल्यांनी तक्रार केली नाही. आलेल्या गाड्या रांगेत लावल्या.

शेवटी एका रविवारी दुपारी मी तोआ पायोहला गेलो. दामल्यांनी मला पहिला काप दिला आणि पाहुणा बेशुद्ध पडण्याची वाट बघावी तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मी नुसतीच मान हलवली. इतकं चांगलं झालं होतं, की मी लगेच दुसऱ्या कापाकडे हात नेला. मग ते बशी घेऊन आँटीसमोर गेले.

आँटीने एक काप तोंडात घातला. बराच वेळ चघळला. दामल्यांचा रुमाल नाकावरून हनुवटीवर आला होता, तो तसाच राहिला. तिने दुसरा काप घेतला, तिसरा घेतला. मग पावाच्या तुकड्याने बशी पुसून काढली आणि म्हणाली, "पेपर टू मच. माय हजबंड नेव्हर पुट सो मच." आणि रिकामी बशी पुढे केली.

दामले आंघोळ करून आले तोवर आँटीने भिंतीवरच्या यजमानांच्या फोटोला चिनीत बरंच काही सांगितलं होतं. मला कळलं नाही. तक्रारच असावी.

दामले मला लिफ्टपर्यंत सोडायला आले.

"चला, खोली वाचली तुमची," मी म्हणालो.

"खोलीचं काही नाही हो. मित्र बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत शेअरिंगला बोलावतोय. स्विमिंग पूल आहे. मीच नको म्हटलं."

"का?"

त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

"पुण्याला फोन केला ना, की सगळे माझ्याशी फार नीट बोलतात. मुलगा 'हो बाबा, हो बाबा' करतो. ही विचारते, जेवलात का, बरे आहात ना. सुट्टीवर गेलो तर नवी चादर काढतात. भांडत कोणी नाही. पाहुण्याशी कोण भांडतं?" मग म्हणाले, "इथे एक माणूस आहे, कुलकर्णी. मिरी जास्त झाली तर सांगतं."

लिफ्ट आली. तेवढ्यात फ्लॅटचं लोखंडी गेट खडखडलं आणि आँटी भिंतीला धरत धरत, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, बाहेर कॉरिडॉरमध्ये आली. हातात टॉवेल होता.

"दामली! हेअर ऑल वेट, स्टँड आउटसाइड! लेटर सिक, हू लुक आफ्टर यू?"

"सॉरी, आँटी," दामले म्हणाले, आणि ओल्या डोक्याने, पन्नाशीचा तो माणूस खाली मान घालून लगबगीने घरात गेला.