सगुणा साळिंदरीण आणि वेशीवरचा राक्षस

मुलांनो, एका जंगलात सगुणा नावाची एक साळिंदरीण राहायची. अंगावर काटे, मन मात्र लोण्याचं.

एकदा वळताना तिचा काटा शेजारच्या सशिणीच्या नाकाला लागला. सशीण विसरून गेली, सगुणा काही विसरेना. "मी मेली वाईटच," असं उठता-बसता म्हणायची. अन्न गोड लागेना. खंगून खंगून नुसते काटेच उरले.

शेवटी सशीणच तिला तळ्यावर घेऊन गेली. तिथे ध्यानबुवा बगळे पोथी सांगायचे. एका पायावर उभे राहून सांगायचे, म्हणून सगळ्यांना ते पटायचं.

बुवा म्हणाले, "पोथीतली ओवी सांगते, वेशीवरचा राक्षस मारा आणि नगरीत शिरा. वेडे लोक राक्षस शोधत रानोमाळ हिंडतात! सगुणाबाई, नगरी म्हणजे तुमचं मन. आणि राक्षस म्हणजे आत बसून तुम्हाला सारखा दोष देणारा तो न्यायाधीश. हाकला त्याला!"

सगुणा आधी रडली, मग हसली. घरी जाऊन तिने पोटभर कंद खाल्ले आणि ढाराढूर झोपली.

ही बातमी जंगलभर झाली. तळ्यावर गर्दी उसळली. गर्दीत रंगराव लांडगेही आले.

"बुवा, मी आत खूप शोधलं," रंगराव म्हणाले. "न्यायाधीश कुठे सापडतच नाही."

बुवांचे डोळे भरून आले. "धन्य आहात! आम्ही जन्मभर झटतो, तुम्ही जन्मतःच सिद्ध!"

त्यांनी रंगरावांना पट्टशिष्य केलं आणि शेजारी बसवलं. अगदी शेजारी.

दुसऱ्या दिवशी बुवांनी डोळे मिटताच रंगरावांनी त्यांची मान पकडली.

"अरे मेल्या," बुवा किंचाळले, "काही वाटतं का तुला?"

"काही म्हणजे काही वाटत नाही, बुवा," दातांतून रंगराव म्हणाले. "सगळी आपलीच कृपा."

श्रोते पळाले. त्यांच्यात बसलेली सगुणा मात्र उठली. तिने पाठ फिरवली, काटे फुलवले आणि उलटी धावत जाऊन रंगरावांच्या तोंडावर आदळली. रंगरावांनी बुवांना सोडलं आणि बोंबलत रान गाठलं.

"लागलं असेल हो त्यांना," सगुणा हळहळली. "मी जरा जोरातच..."

"सगुणाबाई," मान चोळत बुवा घाईघाईने म्हणाले, "त्या ओवीचा आणखी एक गूढार्थ आहे. राक्षस अगदीच मारायचा नाही. थोडासा ठेवायचा."

"आणि रंगरावांनी काय करायचं?"

"त्यांनी दुसरी पोथी ऐकायची. दुसऱ्या तळ्यावर."

तात्पर्य: स्वतःला माफ करायला जरूर शिकावं. घर मात्र, ज्याला ते अजून नीट जमलेलं नाही, अशाच्याच शेजारी बांधावं.