रवळूआप्पांचं पायताण

"बसचं मला कुणी शिकवायचं न्हाय!" असं सांबऱ्याचे रवळूआप्पा अख्ख्या गल्लीला ऐकवायचे. आणि खोटं नव्हतं हो! लाल गाडी बेळगावच्या स्टँडात वळते न वळते तोच खिडकीतून टॉवेल टाकून तीन माणसांची जागा धरावी तर आप्पांनीच! त्यामुळं १९८३ च्या उन्हाळ्यात ते निपाणीला निघाले तेव्हा बायकोला, मालुबाईला, बसची काळजी नव्हती. काळजी होती ती आप्पांच्या पायांची.

लेक शेवंतासाठी निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील मारुतीराव तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. माणूस भला, पण खोड एकच. पाहुणा आला की आधी त्याच्या पायांकडं बघायचे. "ज्येच्या पायात धड पायताण न्हाय, त्येच्या घरात काय आसणार?" असं म्हणून त्यांनी एक सोयरीक मोडलीही होती म्हणे! शेवंताची दोन स्थळं आधीच हुकलेली. म्हणून आप्पांनी खास या दिवसासाठी करकर वाजणारं कोरं कोल्हापुरी पायताण घेतलं होतं.

"पायताण संबाळा!" मालुबाईनं निघताना बजावलं.

"जिवापरीस संबाळतो!" आप्पा म्हणाले.

स्टँडाबाहेर नवीकोरी गाडी उभी होती. लक्झरी! वर पाटी: 'पंधरा दिवस खास सवलत. लाल गाडीच्या भाड्यात गादीवर बसा!' आप्पांनी सवयीनं टॉवेल फेकला. तो बंद काचेवर आपटून त्यांच्याच तोंडावर आला.

"आप्पा, नंबरची शीट हाय. कोण पळवत न्हाय!" टपावर सामान बांधणारा क्लीनर वरून हसला.

आप्पा दारात आले आणि जागच्या जागी थबकले. अबब! खाली तांबडा गालिचा, मखमली गाद्या, झालरीचे पडदे, पुढं देवीचा फोटो, भोवती लुकलुकणारे दिवे आणि उदबत्तीचा घमघमाट! आप्पांचे हात आपोआप जोडले गेले. आणि इथं पायताण घालून शिरायचं? छे छे! त्यांनी ते काढलं, पायरीखाली जोडीनं नीट ठेवलं आणि उजवा पाय पुढं टाकून आत गेले.

"काढायचं आसतंय व्हय?" मागच्या आजीनं विचारलं.

"काढायचं न्हाय तर काय! जरा बघा की आत!" आप्पांनी दरडावलं.

इतक्या ठसक्यात सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? आप्पांच्या जोडीशेजारी बघता बघता आणखी अकरा जोड लागले.

आत आप्पा गादीत असे रुतले की उठावंसंच वाटेना. बाजूला एक दांडा दिसला. तो ओढला मात्र, आप्पा थेट उताणे!

"मेलो रं!"

"मेला न्हाईसा, निजलाईसा!" मागचा प्रवासी ओरडला. "माझ्या मांडीवर!"

गाडी निघाली. ना खडखड, ना गचके! आप्पांचे डोळे पाणावले. शेवंताची वरात अशाच गाडीतनं काढायची, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

संकेश्वरला गाडी चहाला थांबली. आप्पा ऐटीत दारात आले. "आमचं पायताण द्या."

"कुठलं?" क्लीनरनं विचारलं.

"बेळगावात खाली ठेवल्यालं!"

"मग ते बेळगावातच आसंल की!"

"गाडीसंगट घेत न्हाईसा व्हय तुमी?" आप्पांचा आवाज चिरकला. मागं अकरा अनवाणी माणसं आप्पांकडं खाऊ की गिळू नजरेनं बघत होती. आप्पा चहा न पिताच जागेवर जाऊन बसले.

निपाणीत उतरून आधी दुकान गाठायचं, असं त्यांनी ठरवलं. पण गाडीच्या दारातच मारुतीराव न्यायला हजर! पायात चकचकीत काळे बूट. नजर सरळ खाली गेली.

"पाव्हणं, पाय मोकळं?"

डांबर तापलेलं. आप्पांना शेवंताचा चेहरा दिसला, आणि तोंडातून भलतंच निघून गेलं. "नवस हाय! लेकीच्या डोस्क्यावर अक्षता पडूस्तवर पायताण घालायचं न्हाय!"

 मारुतीरावांनी भर स्टँडात हात जोडले. "आसा बाप म्या बगितला न्हवता! सोयरीक पक्की!"

घरी नेऊन त्यांनी स्वतः आप्पांच्या पायांवर पाणी घातलं. आप्पांना इतकी लाज वाटली की त्यांनी पाय मांडीखाली दडवले.

लग्न दीड महिन्यावर ठरलं आणि आप्पांचे हाल सुरू झाले. न जाणो, निपाणीच्या कुणी बघितलं तर? शेतात अनवाणी, बाजारात अनवाणी! "नवस पावला हं तुमचा!" म्हणून मालुबाई रोज पायाला खोबरेल चोळायची आणि पोट धरून हसायची.

सवलत संपायच्या आदल्या दिवशी मारुतीराव सुपारी फोडायला येणार होते. आप्पा चटके खात बेळगावच्या स्टँडावर उभे राहिले. तीच गाडी आली. दार उघडलं. आधी रेशमी फेटा दिसला, मग जरीचं उपरणं, कडक इस्त्रीचं धोतर.

आणि त्याखाली मारुतीरावांचे दोन गोरेपान उघडे पाय!

आप्पा बघतच राहिले. मारुतीरावांनी घसा खाकरला.

"म्या बी नवस बोललोय," ते गाडीकडं न बघता म्हणाले.

"आसं व्हय! कवा?"

"मगाशी. संकेश्वरला."

आप्पांनी हसू गिळलं. "गाडी लई झ्याक हाय, न्हवं?"

"आवो, द्येवळागत हाय!" मारुतीराव कळवळून म्हणाले.

 एकमेकांचा हात धरून, तापल्या डांबरावर टुणटुण उड्या मारत, दोन्ही व्याही टांग्याकडं निघाले.