डावा लाल, उजवा हिरवा

दिव्यांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायचं नाही! उभा जन्म मी दुकानांच्या शोकेस सजवल्या. साधी चप्पल अशी उजळायचो की लोक ती पायात घालायला कचरायचे. एका शोकेसमधल्या पुतळ्यावर मी असा काही उजेड सोडला होता की एका आजोबांनी त्याला पत्ता विचारला, आणि उत्तर मिळेना म्हणून चिडून निघून गेले! तेव्हा आमच्या कयाकला रात्रीसाठी दिवे निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. त्या डाव्या हातानेच पुढे घात केला, पण ते मागाहून.

कयाक म्हणजे लांबोडकी, अरुंद होडी. आमची दोघांची आहे. ती घेतली हिने, म्हणजे माझ्या बायकोने. निवृत्त झाल्यावर कुणी दागिना घेतं, कुणी शिवणयंत्र घेतं. हिने होडी घेतली! ही पुढे बसून वल्हं मारायची आणि मी मागे बसून सूचना द्यायचो.

"अहो, सूचना कमी मारा, वल्हं जास्त मारा," ती मानही न वळवता म्हणायची.

तलावावरच्या क्लबाची वर्षातून एकदा रात्रीची फेरी असते. अंधार पडल्यावर निघायचं, पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचं. हिला ती करायची होती. "दिवे तुम्ही निवडा," म्हणाली होती. "तेवढं तुम्हाला जमतं." दिवे निवडायच्या आधीच ती गेली.

तेव्हापासून होडी आमच्या हॉलमध्ये आहे. सोफ्यावर बसायचं तर तिच्यावरून टांग टाकावी लागते. आमची लेक घरी आली की पहिली तिची नडगी होडीवर आपटते आणि मग "कसे आहात, बाबा?"

"विकून टाकू या ही," एकदा ती नडगी चोळत म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या एका बाईंना हवीय."

"रात्रीची फेरी केल्याशिवाय नाही."

"एकटे जाणार? अंधारात? बाबा, भर दुपारी उजवीकडे वळा म्हटलं तर तुम्ही डावीकडे वळता!"

"तो धंद्याचा गुण आहे!"

खरंच आहे. शोकेसवाला माणूस डावं-उजवं स्वतःचं धरत नाही, काचेबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचं धरतो. सवय हाडात मुरलेली.

बरीच घासाघीस होऊन ठरलं. फेरीच्याच दिवशी, निघायच्या आधी, क्लबवाले प्रत्येक होडीचे दिवे पाण्यावर तपासतात. मी पास झालो तर होडी राहील. नापास झालो तर ऑफिसातल्या बाई रविवारी येऊन ती घेऊन जातील.

क्लबात सुरक्षेचं बघणाऱ्या बाईंच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. मी त्यांना फोन केला.

"एक पांढरा दिवा, चारी बाजूंनी दिसणारा," त्या म्हणाल्या. "लुकलुकणारा नको हं काका! लुकलुकला की आम्ही समजतो माणूस संकटात आहे. आणि हाताशी एक टॉर्च. सगळं पाण्यात टिकणारं. बस्स."

"बस्स?"

"बस्स."

एवढ्या उजेडात मी साबणाची वडीसुद्धा मांडली नसती!

दुकानातला सगळ्यात दांडगा पांढरा दिवा मी उचलला. मोठ्या बोटींना डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो, म्हणजे बोट येतेय की जातेय ते समोरच्याला कळतं. आपण काय कुणाहून कमी? तेही घेतले. कडेने लावायला बारीक दिव्यांची माळ घेतली. मग हॉलमध्ये होडीच्या नाकासमोर स्टूल टाकून बसलो आणि एकेक चिकटवत गेलो. डावीकडे लाल. उजवीकडे हिरवा. मोठा पांढरा दिवा काठीला बांधून पुढच्या सीटवर उभा केला. बटण दाबलं तर समोरच्या इमारतीतल्या बाईंनी पटकन पडदा ओढला. माझी छाती फुगली!

तपासणीच्या संध्याकाळी लेक धक्क्यावर हाताची घडी घालून उभी होती. बाकीच्यांच्या होड्यांवर एकेक दिवा मिणमिणत होता, जणू उपाशी काजवे! मी पाण्यात उतरलो, सगळी बटणं दाबली, आणि गर्दीतून कुणीतरी "बाप रे!" म्हणालं. मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

काठ सुटला आणि माझ्या लक्षात आलं, मला काहीही दिसत नाही!

समोर नुसता पांढरा झोत. त्या झोतात तलावावरचे यच्चयावत किडे सहकुटुंब आलेले. पाणी नाही, काठ नाही, होडीचं नाकसुद्धा नाही. जन्मभर मी काचेच्या बाहेर उभा राहून आतला उजेड बघितला होता. आज आतला पुतळा मीच होतो!

दिवा जरा मंद करावा म्हणून वल्ह्याच्या टोकाने त्याचं बटण ढोसलं. तो मंद झाला नाही. लुकलुकायला लागला.

काठावरून शिट्टी कडाडली. मदतीची मोटरबोट गुरगुरत सुटली.

"घाबरू नका, आलो!" मोटरबोटवाला ओरडला.

"येऊ नका! मी मजेत आहे!"

"अहो, मग पळताय कशाला? थांबा!"

"मी कुठे पळतोय? मी तुमच्याकडेच येतोय!"

त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. लाल त्याच्या डावीकडे आणि हिरवा उजवीकडे बघून त्याला मी पाठमोरा वाटलो, म्हणून मला गाठायला त्याने वेग वाढवला. आणि मी काही न दिसता त्याच्याच दिशेने सपासप वल्हं मारत होतो!

अगदी जवळ आल्यावर त्याला माझं तोंड दिसलं. त्याने अशी काही बोट वळवली की अर्धा तलाव माझ्या मांडीवर आला. माळ सुटून माझ्या गळ्यात पडली. पण विझली नाही बरं का! निवड माझी होती!

लुकलुकत, निथळत, दोरीला बांधून मला परत आणलं. शिट्टीबाई धक्क्यावर वाकून बघत होत्या.

"काका, लाल कुठल्या हाताला हवा?"

"डाव्या."

"कुणाच्या डाव्या?"

"गिऱ्हाइकाच्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळा क्लब खो खो हसला. शिट्टीबाईंनी हसू दाबलं.

"बरं, आणि हा मोठा दिवा पुढे कशाला? तो तुमच्या मागे, डोक्याच्या वर हवा. सगळ्यांना दिसतो आणि तुमच्या डोळ्यांत जात नाही."

यावर काहीतरी ऐटबाज उत्तर द्यायला हवं होतं. पण जे होतं ते सांगितलं.

"ती जागा अंधारात बरी दिसत नव्हती."

कुणी हसलं नाही. शिट्टीबाई उगाचच शिट्टीची दोरी सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तिथे दिवा नको. तिथे माणूस बसवा."

मी मान खाली घालून काठीची गाठ सोडायला लागलो. रविवारी ऑफिसातल्या बाई येणार, होडी जाणार. तेवढ्यात धक्क्यावर खाडखाड आवाज झाला. लेक सँडल काढून फेकत होती.

"एखादं लाइफ जॅकेट आहे का जास्तीचं?"

"अगं, तुला कुठे येतं वल्हं मारायला?"

"आईने शिकवलंय."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही सूचना दिल्या असत्या!"

शिट्टीबाईंनी दिवा स्वतःच्या हाताने माझ्या मागे बांधला. लाल, हिरवा आणि माळ खाली उतरवली, टॉर्च मांडीशी ठेवली. लेकीला धक्क्याभोवती एक चक्कर मारायला लावली आणि मग म्हणाल्या, "पास."

आम्ही फेरीला निघालो. आता मात्र सगळं दिसत होतं. पाणी, पलीकडचा काठ, पुढे चाललेले ते उपाशी काजवे. आणि पुढच्या सीटवर लेकीची पाठ, थेट हिच्यासारखी ताठ.

"बाबा, उजवीकडे."

मी वळवली.

"दुसरं उजवं!"

या वेळी गिऱ्हाइकावर ढकलायची सोय नव्हती, दोघांची तोंडं एकाच दिशेला होती! पण फेरी आम्ही पुरी केली.

होडी अजून हॉलमध्येच आहे. नडगी लागली तरी लेक आता विकण्याचं नाव काढत नाही. आणि सांगायची गोष्ट म्हणजे, क्लबाच्या दारातच माझा फोटो लावलाय! गळ्यात माळ, समोर झोत, मोटरबोटीवरून काढलेला. नव्या माणसाला आधी तोच दाखवतात. त्याखाली 'हे असं करू नये' अशी एक ओळ लिहिली आहे म्हणा.

पण उजेड बघा की काय पडलाय!